समाधानी गिऱ्हाईक

"म्हणजे तेहतीस वर्षांत आपल्याकडे एकही समाधानी गिऱ्हाईक नाही?"

"सगळे समाधानी आहेत," बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "म्हणून तर कुणी कबूल होणार नाही."

मी वहीत 'ग्राहकांचे अभिप्राय' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती. त्या रेघेखाली काय लिहावं ते मला कळेना. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सफरचंदाच्या पातळ चकत्या करून बशीत ठेवल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

आमचे बाबा कवळ्या करतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा तयार होतो, आणि त्या साच्यावर बाबा मेणात एकेक दात बसवत जातात. मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी येते, ती शिजते, घासून गुळगुळीत होते आणि डबीत बसून कुणाच्या तरी तोंडी जाते. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. एक खिडकी, खिडकीशी लांबट टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा आणि भिंतभर फळ्यांवर साचे. शेकडो तोंडं, आ वासलेली. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मी त्या खोलीतून मान खाली घालून जायचे. साच्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. कुठला आकडा कुणाचा ते फक्त बाबांच्या डोक्यात.

गेल्या वर्षापर्यंत हे सगळं बिनबोभाट चाललं होतं. बाबांना काम पाठवणारे दोन डॉक्टर होते, दोघंही त्यांच्याच वयाचे. एकांनी डोळ्यांमुळे दवाखाना बंद केला, दुसरे मुलीकडे राहायला गेले. नवे डॉक्टर माप थेट मोठ्या कंपनीला पाठवतात; तिथे यंत्रातून दात निघतात, एकसारखे आणि पांढरेशुभ्र. बाबांकडे महिन्याला एखादं काम यायला लागलं, तेही दुरुस्तीचं. पण ते रोज नऊच्या ठोक्याला एप्रन चढवून टेबलाशी बसायचे आणि आधीच लखलखीत असलेली हत्यारं पुसायचे.

मग माझ्या नवऱ्याने विषय काढला. मागच्या गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला जागा हवी होती. "बाबा, आता आराम करा ना. खोली देऊन टाकू त्याला. असं दात कोरून पोट भरतं का?" बाबा म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळचं 'बघू' फार बारीक आवाजात आलं.

वाट निघाली ती पुलाजवळच्या डॉक्टरीणबाईंमुळे. तरुण बाई, नुकताच दवाखाना टाकलेला. बाबांनी दुरुस्त केलेली एक कवळी त्यांच्या पाहण्यात आली आणि त्या स्वतः चालत आमच्या घरी आल्या. "दर शनिवारी इथे येऊन मापं घेईन," त्या म्हणाल्या. "पण माणसं तुम्ही जमवायची. आधी या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येऊन बघते; निदान पाच जण आले तर पुढे चालू ठेवू. नाहीतर माझा दवाखाना बंद ठेवून मला येता यायचं नाही." नवरा म्हणाला, पाच जण आले तर मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगतो. शब्द दिला. आणि मी वही काढली.

मी नऊ वर्षं पंख्यांच्या कंपनीत विक्री विभागात होते. ती शाखा बंद झाल्यापासून घरी बसून होते आणि हात शिवशिवत होते. ऐन थंडीत मी पंखे खपवलेत, तिथे कवळ्यांची काय कथा, असा माझा तोरा होता. वहीत मी झोकात मथळे लिहिले: ऑनलाइन पान, फोटो, जाहिरात, अभिप्राय. समोर तीन आठवडे.

पहिला प्रश्न फोटोंचा. मी एक कवळी निळ्या कापडावर ठेवून चार बाजूंनी टिपली. नवऱ्याने फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "पोलिसांना कुठे सापडली ही?" मग मी शहाणपणा केला. कुठूनतरी एका गोऱ्यापान मुलीचा फोटो उचलला, बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यांसारखे, आणि खाली लिहिलं, 'हसा मनमोकळं!' दोन दिवसांत सव्वादोनशे अंगठे वर आले. त्यातले दोनशे माझ्या जुन्या ऑफिसातले. विचारपूस करणारे दोघं निघाले. एकाला नाटकातल्या राक्षसासाठी सुळे हवे होते, दुसऱ्याचा कुत्रा म्हातारा झाला होता.

"कुत्र्याला आपण करत नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. "पण सुळ्यांचं करता येईल." त्यांनी खरोखरच करून दिले. राक्षसाचा एक सुळा जरासा झिजलेला होता. "त्याचंही वय झालंय म्हणाला ना नाटकवाला," ते म्हणाले.

तिथे मला पहिल्यांदा काहीतरी गवसलं. मी बाबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि त्यांना विचारलं, "बाबा, मोठ्या कंपनीपेक्षा तुमच्यात वेगळं काय? एका वाक्यात सांगा."

"एका वाक्यात कसं सांगू? बस, दाखवतो."

त्यांनी खणातून एक चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात एकच मागणी: 'जुना फोटो पाठवावा. हसतानाचा.' डॉक्टर वैतागायचे म्हणे. फोटो नाही मिळाला तर बाबा त्या माणसाच्या बहिणीला, मित्राला गाठून विचारायचे, की पूर्वी दात कसे होते, फट होती का, पुढे होते का. मग भिंग लावून फोटोतला दात बघायचा आणि तसाच बसवायचा. फट असेल तर फट ठेवायची. एखादा कोपरा उडालेला असेल तर उडवायचा.

"पण लोकांना सरळ दात आवडत नाहीत का?" मी विचारलं.

"सगळे सरळच मागतात. मी ऐकत नाही."

"आणि मग भांडत नाहीत?"

"भांडतात ना. चार दिवस भांडतात." बाबा खिडकीबाहेर बघत हसले. "मग घरचं कुणीतरी भेटतं, त्याला काही वेगळं दिसत नाही, आणि भांडण मिटतं."

मला हुरूप आला. हेच तर विकायचं होतं! पण दाखवायचं कसं? फरक दिसत नाही हीच कामाची खूण, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो काय काढणार? एक तरी जिवंत माणूस पुढे यायला हवा होता, 'हे दात माझे नाहीत' म्हणणारा. मी बाबांना दहा वेळा विचारलं. नाव म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची.

"आपल्या धंद्यात झाकली मूठच ठेवायची असते," ते म्हणाले. "लोकांनी तोंड उघडून दाखवलंय मला, ते विश्वासाने."

त्या रविवारी संध्याकाळी नवऱ्याने कोपऱ्यावरून भाजलेली कणसं आणली. तो महिन्यातून दोनदा आणतो, लहानपणापासूनची चंगळ. आईंनी नेहमीप्रमाणे वाटी घेतली आणि बोटांनी एकेक दाणा काढून तोंडात टाकू लागल्या.

"आमची आई म्हणजे चिमणी," नवरा म्हणाला. "कणीस असं खातात का? दातांनी ओढ ना! देवाने कशाला दिलेत?"

"चारचौघांत बरं दिसत नाही," आई म्हणाल्या.

"इथे कुठे चारचौघं आहेत? आपणच आहोत चौघं." मग तो माझ्याकडे वळला. "लहानपणी हिच्याशी वाटणी करायला मजा यायची. ही तीन दाणे खाईपर्यंत माझं संपायचं. अर्थात घरात असली तर. दुसरीत होतो तेव्हा ही मला टाकून दोन महिने माहेरी पळाली होती."

ही गोष्ट मी लग्नापासून शंभरदा ऐकली होती. आजी आजारी होती म्हणून आई गेल्या, निरोपसुद्धा न घेता. तो रोज शाळेतून येऊन दाराच्या पायरीवर बसायचा. तो हसतच सांगायचा, पण दर वेळी सांगायचा. आई दर वेळी दाणे काढत राहायच्या. त्यांचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला आहे. हसल्या की तो आधी दिसतो. कवळीवाल्याच्या बायकोचा दात वाकडा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल.

दुसरा आठवडा संपत आला आणि नोंदणी शून्य. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फोन करून विचारलं. बाबा फळीवरचे साचे खोक्यात भरायला लागले होते, जुन्यापासून सुरुवात करून. मला ते बघवेना. आणि मी माती खाल्ली.

झालं असं, की गल्लीतल्या एका समारंभाला आम्ही सगळे गेलो होतो. बाबांना जेवणावळीत जेवणात रस नसतो. ते लोकांचं चावणं बघतात. पाच वर्षांत मला त्यांची नजर वाचता यायला लागली आहे. समोरच्या रांगेत शाळेच्या निवृत्त हेडबाई बसल्या होत्या, आणि कडक काहीतरी कुडुमकुडुम चावत होत्या. बाबा त्यांच्याकडे अशा मायेने बघत होते की मी काय ते समजले. माझ्या फोनमध्ये त्या दिवशीचा हेडबाईंचा झकास हसरा फोटो होता. मी तो पानावर टाकला. नाव लिहिलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. खाली लिहिलं: 'ओळखा पाहू, खरे की आमचे?'

सगळ्या गावाला बाईंनीच शिकवलेलं. अर्ध्या तासात साठ जणांनी ओळखलं. दात नव्हे, बाई.

रविवारी सकाळी हेडबाई दारात उभ्या. हातात छत्री, बाहेर लख्ख ऊन. नवरा त्यांचाच विद्यार्थी. त्याने वर्तमानपत्राची घडी केली आणि तो आपसूक उभा राहिला.

"सूनबाई कुठे आहे?" त्या म्हणाल्या. मी पुढे झाले. "एकवीस वर्षं माझ्या तोंडात यांचे दात आहेत. त्यातली अकरा मी शाळेत शिकवत होते. रोज पन्नास पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एकाला कळलं नाही. आणि तू चार दिवसांत चव्हाट्यावर मांडलंस?"

मी फोन काढला, फोटो पुसला, हात जोडले. बाबा एप्रन घालून बाहेर आले, रविवार असूनही. ते बाईंसमोर उभे राहिले आणि वाकले, अगदी कमरेतून. त्या माणसाला मी कुणापुढे वाकताना कधी पाहिलं नव्हतं.

"चूक माझ्या घरातून झाली, बाई. पुन्हा व्हायची नाही."

हेडबाई वळल्या. फाटकाशी छत्री उघडली आणि गेल्या. बाबा आत येऊन मला म्हणाले, "बाळ, तुझ्यावर रागावलो नाही मी. पण आता बास. खोली देऊन टाकू. लोकांना तोंड लपवायला लावून मला धंदा नको." मग नवऱ्याला म्हणाले, "उद्या त्याला ये म्हणून सांग."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. स्वतःची एवढी लाज मला क्वचितच वाटली असेल. आई आल्या, त्यांनी माझ्या पुढ्यातली भाजी ओढून घेतली आणि निवडायला लागल्या.

"तुला एक माणूस हवाय ना, कबूल होणारा?" त्या म्हणाल्या.

"आता कशाला, आई? गेलं ते."

"जेवणं झाली की तुझा तो फोन घेऊन कारखान्यात ये. आणि त्यालाही बोलाव."

दुपारी आम्ही चौघं पुढच्या खोलीत. आई खिडकीशी बाबांच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून. बाबांना काय होणार ते माझ्या आधी कळलं.

"अगं, नको," ते म्हणाले. "कशाला ही उठाठेव?"

"तुम्ही गप्प बसा. दुसऱ्या कुणाचं नाव सांगणार नाहीये मी, माझं मी सांगतेय. कर गं चालू."

मी फोन धरला. नवरा दाराशी स्टुलावर बसला, पाहुण्यासारखा अवघडून.

"मी या कवळीवाल्यांची बायको," आई फोनकडे बघत म्हणाल्या. "वय त्रेसष्ट. माझे वरचे सगळे दात यांनी केलेले आहेत. सत्तावीस वर्षं झाली."

दातांच्या घरात मी पाच वर्षं राहिले, त्यांच्याबरोबर रोज जेवले, आणि मला पत्ता नव्हता. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो आईच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला अजून काही समजलंच नव्हतं.

"हिरड्यांचा आजार झाला. दात हलायला लागले, एकेक करून काढावे लागले. शेवटचे सहा एका दिवसात काढले. घरी येऊन आरशात बघितलं तर माझीच मला ओळख पटेना. गाल आत गेलेले. पोरगं सात वर्षांचं, शाळेतून यायची वेळ झालेली. मी त्याला तशी दिसले असते तर घाबरला असता तो. म्हणून मागच्या दाराने निघाले आणि माहेरी गेले. आई आजारी आहे असं सांगा म्हटलं यांना. माझी आई ठणठणीत होती. हिरड्या भरून यायला दोन महिने लागले."

दाराशी स्टूल करकरलं.

"हे दर रविवारी यायचे. माप घेतलं, मेणाचं करून बघितलं. मी म्हटलं, एवढं करताच आहात तर तो वाकडा दात सरळ करा. लहानपणापासून मला त्याची लाज वाटायची, फोटोत तोंड मिटून बसायचे. हे हो म्हणाले. आणि घेऊन आले तर दात तसाच, वाकडा! लग्नातल्या त्या एकाच हसऱ्या फोटोवरून केलेला. मी चार दिवस यांच्याशी बोलले नाही. कवळी डबीत घालून ठेवून दिली. पुढच्या रविवारी म्हटलं, का असं केलंत? तर म्हणाले, सरळ केला तर पोरगं ओळखणार नाही तुला."

बाबा फळीवरचा एक साचा उचलून उगाच पुसत होते.

"मग घरी आले. हा पायरीवर बसला होता. याने माझ्याकडे बघितलं, असं निरखून बघितलं, आणि म्हणाला, 'किती उशीर केलास! मला भूक लागलीय.' बस. एवढंच." आई हसत होत्या. "त्या दिवसापासून मला या दाताची लाज वाटली नाही. आता दाखवते."

आणि त्यांनी ते केलं. अंगठा आत घालून कवळी काढली आणि तळहातावर धरली. वरचा ओठ आत बसला, गाल खोल गेले, दहा-पंधरा वर्षं एकदम चेहऱ्यावर उतरली. त्यांनी हात तोंडाशी नेला नाही. फोनकडे सरळ बघत राहिल्या, मी मनात दहा आकडे मोजेपर्यंत.

"अशी गेले होते," त्या म्हणाल्या. शब्द पसरट आले, पण कळले. मग पाठ न फिरवता त्यांनी कवळी पुन्हा बसवली आणि ओठ पुसले. "आणि अशी परत आले. कुणाला माप द्यायचं असेल तर शनिवारी या. येताना हसतानाचा जुना फोटो आणा. मागच्या दारानेही येता येतं."

मी फोन बंद केला. नवरा उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आई त्याच्यामागे जायला निघाल्या, तर बाबा म्हणाले, "थांब. बसू दे त्याला." तो तासभर तिथे होता. आत आला तेव्हा डोळे लाल होते आणि त्याने पहिलं काय केलं, तर मोबाइलवाल्याला फोन लावून सांगितलं की शनिवारपर्यंत थांब.

चित्रफीत मी पानावर टाकली. वर काही लिहिलं नाही. पहिल्यांदाच मला काही सुचलं नाही, आणि बरंच झालं. अंगठे फारसे आले नाहीत. एका टवाळाने लिहिलं, 'आजी, तोंड झाका.' त्याच्याखाली हेडबाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचा असा काही समाचार घेतला की तो पान सोडून पळाला. पण फोन मात्र खणखणू लागले. सगळे दबक्या आवाजात. "शेजाऱ्यांसाठी विचारतोय." "माझ्या मावशीला हवी आहे." "एका मित्राचं काम आहे हो, तो लाजतो." मी प्रत्येकाला सांगत गेले, शेजाऱ्यांना, मावशीला, मित्राला घेऊन या.

शेवटच्या शनिवारी नऊ वाजता डॉक्टरीणबाई पेटी घेऊन आल्या. साडेनऊपर्यंत कुणीच नाही. बाबांनी दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. नवरा ऑफिसला सुट्टी टाकून घरीच होता. तो दर दोन मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होता. मग स्वयंपाकघराचं दार वाजलं. मागचं. एक शिंपी, रुमाल तोंडाला लावलेला. त्याच्यामागे दोघी बहिणी. मग बसचा एक निवृत्त चालक. अकरापर्यंत ओट्याशेजारी चार माणसं उभी, एकमेकांकडे न बघता, प्रत्येकाच्या हातात पाकीट आणि पाकिटात फोटो. मावशी नव्हती, मित्र नव्हता. आपापलीच कामं घेऊन आले होते सगळे. पण चारच. साडेअकरा झाले तरी चारच.

बाराच्या सुमाराला पुढचं फाटक वाजलं. छत्री आधी दिसली. हेडबाई रस्त्यावरून सरळ आत आल्या, पुढच्या दाराने, आणि खिडकीशेजारच्या, रस्त्यावरून स्पष्ट दिसणाऱ्या खुर्चीत बसल्या.

"मी कुणासाठी विचारायला आलेली नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "माझी खालची सैल झाली आहे. नवीन करायची." मग स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळे तिथे भांड्यांत काय उभे राहिलात? इकडे येऊन रांगेत बसा बघू."

चौघं आले आणि बसले. शिंप्याने रुमाल खिशात घातला. दुपारपर्यंत आणखी दोघं आले, ते पुढच्याच दाराने. बाबा भिंग घेऊन एकेक फोटो बघत होते, आणि प्रत्येकाला विचारत होते, हा दात आधीपासून असा का, पडला होतात का कधी. त्यांचा आवाज नेहमीसारखा जाड झाला होता.

हेडबाई निघताना माझ्यासमोर थांबल्या. "तुला काय ते अभिप्राय हवे होते म्हणे. घे, लिही."

मी वही उघडली. दुहेरी रेघेखालची जागा तशीच होती.

"काम चोख," त्यांनी सांगितलं. "सून आगाऊ."

मी शब्दन् शब्द लिहिला. त्यांनी वाचून बघितलं, एका ठिकाणी वेलांटी सुधारली आणि गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याने मोबाइलवाल्याला काय ते सांगून टाकलं आणि येताना कणसं आणली. बाबा खोक्यातले साचे परत फळीवर मांडत होते; ते हात धुऊन आले. आम्ही टेबलाभोवती बसलो. आईंनी सवयीने वाटी पुढे घेतली, पण त्यांच्या हातात कणीस यायच्या आधीच नवऱ्याने ते घेतलं. अंगठ्याने एक ओळ सोडवली, मग दुसरी. दाणे वाटीत पडायला लागले.

"अरे, मी काढते की," आई म्हणाल्या. "तुझं गार होईल."

"होऊ दे," तो म्हणाला आणि मान वर न करता दाणे काढत राहिला.